पेन्सिलने लिहिलेली तारीख: संमेलनासाठी हॉलचा करार करताना

हॉलच्या मॅनेजरकडे एक लांबट रजिस्टर असतं. महिन्याला एक पान, प्रत्येक तारखेपुढे रकाना. आपण चौकशीला गेलो की तो आपलं नाव पेन्सिलने लिहितो, खाली मोबाईल नंबर टाकतो आणि म्हणतो, "टाकून ठेवली ना भाऊ तारीख, काही फिकर नका करू." त्याच टेबलाच्या खणात खोडरबरही असतं. एखादा लग्नवाला रोख बयाणा घेऊन आला की ते बाहेर निघतं. पहिल्या वर्षी आम्ही त्या पेन्सिलीच्या भरवशावर पोस्टर छापून मोकळे झालो होतो. ते पोस्टर अजून माझ्या घरी आहे, मागची बाजू कोरी असल्यामुळे हिशेबाला बरी पडते.

आम्ही म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारी नागपुरातली काही माणसं. दरवर्षी शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं संमेलन घेतो, साधारण अडीचशे लोक येतात. ऑफिस नाही, पगारी माणूस नाही, जो तो आपापली नोकरी सांभाळून धावतो. पण इथे लिहिलेलं तुमचं वाचक संमेलन असो, पक्षीमित्रांचं असो की शिक्षकांचं, सगळ्यांना लागू पडेल.

हॉल ठरवताना सगळे आधी भाडं विचारतात. मी आता आधी दुसरंच विचारतो: बेत फसला तर कुठल्या तारखेला आपले किती पैसे बुडतील, आणि त्या तारखेला आपल्या खात्यात तेवढे असतील का? पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

सही कोण करणार, हे आधी ठरवा

हॉल बघायला निघण्याआधीची ही पायरी बहुतेक जण विसरतात. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर कायद्याच्या नजरेत 'गट' असं कोणी नसतंच. कागदावर ज्याची सही, तो माणूस देणेकरी. आमच्यात दोन वर्षं एका सव्वीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या नावाने सह्या केल्या, कारण तो हॉलच्या जवळ राहायचा. संमेलन रद्द झालं असतं तर हॉलवाल्याने त्याच्याच दारात उभं राहायचं होतं, आणि ही गोष्ट त्याच्यासकट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

मार्ग तीन. पहिला, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा. त्याला किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. संस्थेचं पॅन आणि बँक खातं झालं की पक्कं बिल संस्थेच्या नावाने घेता येतं, आणि प्रायोजकांच्या हिशेब खात्याला तेच हवं असतं. यात महिने जातात, म्हणून या वर्षीच्या संमेलनासाठी याच्यावर विसंबू नका. दुसरा मार्ग, ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेला यजमान करा. करार आणि पैसे त्यांच्या नावाने, काम आपलं. तेव्हा त्या संस्थेशीही एका पानाचं लेखी ठरवून घ्या, नुकसान झालं तर ते कोणी भरायचं हे त्यात असू द्या. तिसरा मार्ग, गटातल्या तीन-चार जणांनी मिळून सही करायची आणि आपापसांत लिहून ठेवायचं की तोटा सगळ्यांचा. हा सगळ्यांत कच्चा मार्ग, पण एकट्याच्या गळ्यात फास येण्यापेक्षा बरा.

भाड्याची रक्कम मोठी असेल तर संस्थेला टीडीएस, म्हणजे हॉलला पैसे देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागू शकतो. तो प्रश्न सीएला करारापूर्वी विचारा. बिल आल्यावर विचारला तर ती रक्कम आपल्याच खिशातून जाते.

तारीख: पंचांग उघडा, मग कॅलेंडर

हॉलचा दर लग्नाच्या मुहूर्तावर चालतो. संमेलनवाल्यांनी मुहूर्ताचं पान उलटं वाचायचं: जिथे मुहूर्त नाही, तिथे आपली तारीख. आषाढी ते कार्तिकी एकादशी या चातुर्मासात हॉल बऱ्यापैकी मोकळे असतात, पितृपक्षात तर मॅनेजर स्वतःहून चहा मागवतो. पण तो पावसाळ्याचा काळ. २२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, २३ च्या पहाटेपर्यंत नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत आणि सीताबर्डीच्या परिसरात पाणी शिरलं. तळघरात पार्किंग किंवा जेवणघर असलेला हॉल पावसाळ्यात घेणार असाल, तर त्या रात्री तिथे पाणी आलं होतं का, हे आजूबाजूच्या पानठेल्यावर विचारा. मॅनेजरला विचारून उपयोग नाही.

माझी आवडती वेळ पौष महिना, म्हणजे साधारण डिसेंबरची अखेर ते जानेवारी. आपल्याकडे पौषात लग्नं टाळतात, हवा सुंदर असते, एसीचं बिल जवळजवळ वाचतं. त्याआधीचा डिसेंबर मात्र सांभाळा. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं. ते सुरू असेपर्यंत सिव्हिल लाइन्समध्ये बंदोबस्त, मोर्चे, आणि लॉजची खोली मिळेल तर शपथ. (त्या करारातली कलमं पाळली गेली की नाही यावर विदर्भात आजही भांडणं होतात. हॉलच्या करारावर तशी वेळ येऊ देऊ नका.) दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात, गाड्या आणि धर्मशाळा भरलेल्या असतात. बाहेरगावचे वक्ते बोलावणार असाल तर ते दिवस सोडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीचे रस्ते अडतात. एप्रिल-मेबद्दल काही बोलत नाही. पंचेचाळीस अंशांत जेवणाची रांग मोकळ्या लॉनवर लावून पाहा, पुन्हा लावणार नाही.

आणि निवडणुकीची आचारसंहिता. सरकारी किंवा महापालिकेचं सभागृह घेणार असाल तर त्या काळात ते मिळेल का, मिळालेलं टिकेल का, हे आरक्षण खात्यात आधी विचारा.

हॉल बघायला जाल तेव्हा

इथे फार रेंगाळत नाही, कारण याबद्दल सगळेच लिहितात. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा मार्गिका सीताबर्डीला मिळतात, रेल्वे स्टेशन अ‍ॅक्वावर आहे, विमानतळाचं स्थानक ऑरेंजवर. या दोन मार्गिकांपासून चालत जाता येईल असा हॉल घेतला तर पार्किंगचा निम्मा प्रश्न सुटतो. वर्धा रोडवरचे लांबचे लॉन स्वस्त वाटतात, त्यात अडीचशे लोकांचं ऑटोभाडं मिळवून बघा. हॉलचा आकार माणसांना शोभेल असा घ्या. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह देखणं आहे, पण सुमारे २००० खुर्च्यांत आमचे अडीचशे लोक म्हणजे भाजीत मीठ.

प्रत्यक्ष बघताना तीनच गोष्टी हट्टाने करा. शेवटच्या रांगेत बसून कोणालातरी माईकवर बोलायला लावा. बायकांच्या स्वच्छतागृहापर्यंत आणि स्टेजपर्यंत व्हीलचेअर जाते का, ते चालून बघा. आणि आगीबद्दलचा 'फॉर्म बी' मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचं हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. "आहे ना, फाईलमध्ये आहे" असं उत्तर आलं तर फाईल मागा.

कोटेशन एका मापात आणा

आता खरं काम. दोन हॉलची कोटेशनं कधीच एका भाषेत नसतात. एक प्लेटवर बोलतो, दुसरा दिवसावर. दोन्ही एका रकमेत आणल्याशिवाय तुलना करू नका. उदाहरणादाखल दोन हॉल घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

'अ' हा लग्नाचा हॉल. भाडं शून्य! फक्त जेवण त्यांच्याकडून: दुपारचं जेवण आणि दोन वेळचा चहा-नाश्ता धरून ७०० रुपये प्लेट, करासह. साऊंड, प्रोजेक्टर, एसी सगळं त्यात. मिनिमम गॅरंटी, म्हणजे माणसं कितीही कमी आली तरी ज्यांचे पैसे द्यावेच लागतात अशा प्लेट, दिवसाला २५०. दोन दिवसांचे ३,५०,००० रुपये.

'ब' हे सभागृह. भाडं दिवसाला ५०,०००, दोन दिवसांचे एक लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१८,०००. इथे बरेच जण थांबतात आणि 'ब' स्वस्त म्हणून टाळ्या वाजवतात. थांबू नका. एसी तासाला १५०० रुपये, नऊ तास, दोन दिवस: २७,०००. आदल्या संध्याकाळी तयारीसाठी हॉल हवा, त्याचे १५,०००. सफाई ६,०००. बाहेरचा कॅटरर आणला तर हॉल 'रॉयल्टी' घेतो, १०,०००. साऊंड आणि प्रोजेक्टर भाड्याने ३०,०००. कॅटरर २८० रुपये प्लेटने, अडीचशे माणसं, दोन दिवस: १,४०,०००. बेरीज ३,४६,०००.

म्हणजे दोघेही जवळजवळ सारखे. मग ठरवायचं कशावर?

आता माणसं कमी आली असं धरा. अडीचशेऐवजी १६० आली. 'अ'मध्ये काहीच बदलत नाही, गॅरंटी २५० ची आहे, ३,५०,००० द्यायचेच. 'ब'मध्ये कॅटररला दोन दिवस आधी आकडा कळवला तर जेवणाचे ८९,६०० होतात आणि एकूण खर्च २,९५,६०० वर येतो. पन्नास हजारांचा फरक आणि तोही नेमका अशा वेळी, जेव्हा तिकिटं कमी गेल्यामुळे आपण आधीच वाकलेलो असतो.

कराबद्दल एक: हॉलच्या भाड्यावर १८ टक्के, पण जेवणावरच्या कराचा दर जागा कुठली आहे त्यावर बदलतो. म्हणून "प्लस टॅक्स" एवढ्यावर समाधान मानू नका, टक्का कोटेशनवर लिहून घ्या. "बिलाशिवाय केलं तर स्वस्तात देतो" हेही ऐकायला मिळेल. स्वयंसेवी गटाला कच्चं बिल परवडत नाही. प्रायोजक हिशेब मागतो, आणि डिपॉझिटवरून भांडण झालं तर आपल्या हातात कागद नसतो.

करार शेवटाकडून वाचा

पहिल्या पानावर पक्षांची नावं आणि हॉलचं कौतुक असतं. मागच्या पानावर, बारीक अक्षरांत, आपलं भवितव्य असतं. मी रद्द करण्याच्या कलमापासून सुरुवात करतो आणि वर चढतो.

रद्द करणं दोन बाजूंनी होतं. आपण रद्द केलं तर किती पैसे जातील हे प्रत्येक करारात असतं. हॉलने रद्द केलं तर काय, हे बहुतेक करारांत नसतं, किंवा असतं ते असं: "अपरिहार्य कारणास्तव आरक्षण रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनास राहील." अपरिहार्य कोण ठरवणार? मॅनेजर. पालिकेच्या किंवा सरकारी सभागृहांच्या छापील नियमांत असं कलम असेल तर ते आपल्यासाठी बदलणार नाही. खासगी हॉलचं बदलता येतं, मागावं लागतं.

दुसरं, 'दिवस' म्हणजे काय. आमचा धडा सांगतो, हॉलचं नाव नको. करारात "दोन दिवस" एवढंच होतं. शनिवारी पहाटे साडेसहाला आम्ही बॅनर, वायरी, नोंदणीची टेबलं घेऊन पोहोचलो तर शुक्रवारच्या रिसेप्शनचे वाजंत्रीवाले पायरीवर झोपलेले. आत स्टेजवर वधू-वरांची दोन लाल मखमली सिंहासनं, खाली तुडवलेला झेंडू, आणि मागच्या पडद्यावर थर्माकोलच्या चमकी लावलेल्या अक्षरांत दोघांची नावं. डेकोरेशनवाला दहाला येणार होता. आमचा पहिला वक्ता डेटाबेसवर बोलला तेव्हा त्याच्या डोक्यावर "शुभविवाह" झळकत होतं. त्याचे फोटो अजून फिरतात. मॅनेजरचं म्हणणं होतं की दिवस सकाळी नऊला सुरू होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आता आम्ही लिहून घेतो: हॉल कुठल्या तारखेला, किती वाजता, रिकामा आणि झाडलेला ताब्यात मिळेल, आणि किती वाजता आम्ही सोडू. उशिरा सोडल्यास तासाला किती, तेही.

तिसरं वीज. 'वातानुकूलित' या शब्दात एसी चालू ठेवण्याचं वचन नसतं. जनरेटर आहे का, त्यावर एसी चालतो की फक्त दिवे, डिझेल कोणाचं, मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग कोण घेणार? एकदा जेवणाच्या सुट्टीत हॉलच्या माणसाने काटकसर म्हणून एसी बंद केला, आणि दुपारी दोनला परत आलेले लोक वक्त्याला सोडून पेपरने वारा घेत बसले.

चौथं, नुकसानभरपाई आणि डिपॉझिट. "कोणतेही नुकसान आयोजकांकडून वसूल केले जाईल" यात 'कोणतेही' हा शब्द खोडायला लावा आणि 'आयोजकांमुळे झालेले, ताबा देताना नोंदवलेले नसलेले' असं घालायला सांगा. डिपॉझिट किती दिवसांत परत, हे आकड्यात हवं. "हिशेब झाल्यावर" ही तारीख कुठल्याच पंचांगात सापडत नाही.

न्यायालय कुठलं हेही बघा. मोठ्या हॉटेलच्या छापील करारात वाद झाल्यास मुंबई किंवा दिल्लीचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असू शकतं. ते नागपूर करून घ्या. सुट्टीत वाजवायच्या गाण्यांच्या परवान्याची जबाबदारीही सहसा आपल्यावर ढकललेली असते, तेव्हा सिनेमाची गाणी लावूच नका.

कायदा आपल्या बाजूला थोडा आहे, तेवढा माहीत असू द्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप पूर्ण मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान मोजताना ते टाळायला हाताशी काय उपाय होते हेही धरलं जातं, म्हणजे तीच तारीख हॉलने दुसऱ्याला दिली असेल तर त्याचा विचार होतो. करार पार पाडणं अशक्य झालं तर कलम ५६, आणि तशा वेळी घेतलेला फायदा परत करण्यासाठी कलम ६५. पण अडीचशे माणसांच्या संमेलनासाठी कोणी कोर्टात जात नाही, हे हॉलवाल्यालाही माहीत असतं. २०२० साली आमचा बयाणा अडकला. कलमं आमच्या बाजूने होती आणि पैसे त्यांच्या खात्यात. शेवटी पुढच्या बुकिंगमध्ये वळते करून घेतले, तेही त्यांच्या सोयीच्या तारखेला. म्हणून कलमांचा उपयोग बोलणी करताना करायचा, भांडताना नाही.

बुडीत रकमेचा कागद

एका कागदावर तीन रकाने आखा. तारीख, त्या दिवशी रद्द झालं तर बुडणारी रक्कम, आणि त्या दिवशी आपल्या खात्यात असतील असे पैसे. तिसऱ्या रकान्यात आशा लिहायची नाही. प्रायोजकाने "करू ना आपण" म्हटलं म्हणजे पैसे आले असं नव्हे. आमच्याकडे निम्म्याहून जास्त प्रायोजकांचे पैसे संमेलन झाल्यावर आले आहेत, आणि तिकिटं शेवटच्या तीन आठवड्यांतच विकली जातात.

वरच्याच दोन हॉलचं पाहू. संमेलन जानेवारीच्या मध्यावर. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये ६०,००० आहेत, मागच्या वर्षीची शिल्लक आणि वर्गणी. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ९०,०००, डिसेंबरच्या मध्यापर्यंत १,६०,०००, आणि पंधरा दिवस आधी २,००,०००.

'अ' म्हणतो: बुकिंगला एक लाख, परत मिळणार नाही. साठ दिवसांच्या आत रद्द केलं तर एकूण रकमेच्या निम्मे, म्हणजे १,७५,०००. तीस दिवसांच्या आत सगळे. सप्टेंबरमध्येच चाळीस हजारांचा खड्डा, नोव्हेंबरमध्ये पंच्याऐंशी हजारांचा, डिसेंबरमध्ये १,९०,००० चा. हा खड्डा कोणाच्या खिशातून भरायचा? ज्याने सही केली त्याच्या.

'ब' म्हणतो: बुकिंगला २५,०००. तीस दिवसांच्या आत रद्द केलं तर निम्मं भाडं, ५०,०००. पंधरा दिवसांच्या आत करासह पूर्ण, १,१८,०००. एकाही ओळीत बुडणारी रक्कम खात्यातल्या पैशांच्या वर जात नाही.

सारख्या किमतीचे वाटणारे दोन हॉल या कागदावर एकदम वेगळे दिसतात. आमचा नियम सोपा: एकाही ओळीत दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर सही नाही. करार बदलून आणा, नाहीतर हॉल बदला.

पण 'ब'लाही आंधळेपणाने हो म्हणू नका. हॉलनेच रद्द केलं तर भाडं परत येईल, मात्र वक्त्यांची रेल्वे-विमानाची तिकिटं, छपाई, टी-शर्ट यांचे पैसे गेलेले असतील. तो आकडा चौथ्या रकान्यात लिहा. 'ब'सारख्या हॉलचं ते कलम हलत नसेल तर छपाई शेवटच्या पंधरवड्यावर ढकला, आणि दुसऱ्या एखाद्या हॉलच्या रजिस्टरात पेन्सिलने नाव टाकून ठेवा. पेन्सिल अशा वेळीच कामाची.

काय मागायचं आणि कसं

भाडं कमी करा म्हणून घासाघीस करण्यात आपण सगळी शक्ती घालवतो. पाच हजार सुटतात आणि मॅनेजर पुढे काही ऐकायच्या मनःस्थितीत राहत नाही. मी भाडं जवळजवळ मान्य करतो आणि अटी मागतो. अटींचे त्याला आज पैसे पडत नाहीत, त्यामुळे तो सैल असतो. 'अ'सारख्या हॉलला गॅरंटी २५० वरून १७५ वर आणायला सांगा, अंतिम आकडा सात दिवस आधी कळवू म्हणा. बयाणा कमी होत नसेल तर हे वाक्य टाकून मागा, माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा मान्य झालेलं:

"आयोजकांनी आरक्षण रद्द केल्यास आणि त्याच तारखांना सभागृह अन्य पक्षास भाड्याने दिले गेल्यास, प्रशासकीय खर्चाचे रुपये … वजा करून उर्वरित सर्व रक्कम आयोजकांना ३० दिवसांच्या आत बँकेद्वारे परत केली जाईल."

मुहूर्ताच्या तारखेला हॉलवाला हसत हो म्हणतो, कारण दुसरं गिऱ्हाईक त्याला हमखास मिळतं. पौषात तो जरा कचरतो, पण तेव्हा आपल्याला भावच चांगला मिळालेला असतो.

दुसरं वाक्य हॉलच्या बाजूने रद्द होण्यासाठी:

"व्यवस्थापनाने आरक्षण रद्द केल्यास भरलेली संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल. कार्यक्रमास ४५ पेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केल्यास, याशिवाय आयोजकांनी केलेला व पावत्यांनी सिद्ध होणारा खर्च रुपये … च्या मर्यादेपर्यंत व्यवस्थापन देईल."

मर्यादा लिहिली की समोरचा घाबरत नाही. अमर्याद जबाबदारी कोणीच घेत नाही, आपणही घेऊ नये. तिसरं, पूर, साथ, संचारबंदी, शासनाचा आदेश अशा कारणांची यादी नावासकट घाला आणि त्या वेळी पैसे परत की तारीख बदलून, ही निवड आयोजकांची राहील असं लिहा. "नैसर्गिक आपत्ती" एवढ्याच दोन शब्दांत साथ बसते का, यावर वाद घालत बसायची वेळ आमच्यावर आली होती.

तोंडी कबूल केलेलं त्याच दिवशी ई-मेलने पाठवा: "आज प्रत्यक्ष बोलल्याप्रमाणे आदल्या दिवशी संध्याकाळी सहापासून हॉल मोकळा मिळेल, कृपया होकार कळवावा." होकार आला नाही तर समजा कबूल केलंच नव्हतं. "होऊन जाते ना भाऊ" हे नागपुरातलं सगळ्यांत प्रेमळ वाक्य आहे, फक्त ते करारात कुठे बसत नाही.

कॉलेजचा हॉल फुकट मिळतोय?

मिळाला तर घ्या, पण फुकट म्हणजे बिनशर्त नाही. तिथे भाड्याच्या जागी वेगळी देणी असतात: आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत प्रवेश, उद्घाटनाला व्यासपीठावर सात खुर्च्या, बॅनरवर संस्थेचं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं. यातलं काय चालेल ते आधीच ठरवा. विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक बदललं तर हॉल जातो, आणि ज्या प्राध्यापकाने शब्द दिला त्याच्या हातात काही नसतं. म्हणून आपल्या अर्जावर आवक शिक्का घ्या आणि परवानगीचं पत्र प्राचार्यांच्या सहीचं, जावक क्रमांकासह मागा. जावक क्रमांक असलेलं पत्र प्राचार्य बदलले तरी टिकतं. रविवारी लिफ्ट, पाणी आणि शिपाई असतील का, हे त्या पत्रातच येऊ द्या.

निर्णयाची बैठक

कोटेशनं, बुडीत रकमेचा कागद आणि कराराचा मसुदा दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा. बैठकीत एकाला मुद्दाम विरोधात बोलायचं काम द्या, शक्यतो जो हॉल बघायला गेला नव्हता त्याला. बघून आलेल्यांचा जीव झुंबरात अडकलेला असतो. ठराव लिहून, उपस्थितांच्या सह्या घ्या. सही करणाऱ्याला तो कागद म्हणजे चिलखत. आणि बैठकीतून उठून थेट बयाणा द्यायला जाऊ नका. "आज नाही दिला तर तारीख जाते" असं सांगणारा फोन येईलच. एक रात्र जाऊ द्या. आमची एक तारीख अशी गेली, त्याचं वाईट वाटलं. घाईने केलेल्या सहीचं मात्र वर्षभर वाटत राहिलं.

मसुदा एखाद्या वकील मित्राला दाखवा, तासाभराचं काम असतं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारनाम्याला किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, जुन्या शंभराच्या स्टॅम्प पेपरवर भागवू पाहणाऱ्याला ते सांगा.

सही झाल्यावर

प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, एक मूळ प्रत आपल्याकडे. पैसे बँकेतूनच, संस्थेच्या खात्यातून, आणि शेऱ्यात तारीख व कार्यक्रमाचं नाव. साठ, तीस, पंधरा आणि सात दिवसांच्या अटींच्या तारखा निदान तिघांच्या मोबाईलमध्ये टाका, आणि त्या प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी बुडीत रकमेचा कागद पुन्हा काढा. थांबायचं असेल तर ते त्या दिवशी ठरवायचं, नंतर नाही.

मग एकदा हॉलवर चक्कर मारा आणि रजिस्टर उघडायला सांगा. आपली तारीख आता पेनाने लिहिलेली असली पाहिजे, पावती क्रमांकासकट. नसेल तर समोर बसून लिहून घ्या.

ताबा घ्यायच्या वेळी मोबाईलवर सलग व्हिडिओ काढत हॉलमधून फिरा, मॅनेजरला सोबत घेऊन. फुटलेल्या टाइल्स, डगमगणारा पोडियम, भिंतीवरचे जुने टेपचे डाग, मीटरचं रीडिंग. दोन वर्षांपूर्वी अकराव्या रांगेतली एक खुर्ची हात नसलेली होती. डिपॉझिटमधून तिचे आठशे कापले गेले होते. व्हिडिओ दाखवल्यावर मॅनेजरने आठशे रुपये मुकाट्याने परत केले आणि म्हणाला, "मागच्या लग्नवाल्याकडूनही कापले होते, भाऊ."